हँडल उजवीकडे

तारीख ४, सोमवार

दाजी,

वाकून नमस्कार करणार होतो, पण आमच्याकडे वाकायला जागा उरलेली नाही. तुमची बायको माझ्या खोलीत राहायला आल्यापासून मी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी अंथरूण टाकतो. फ्रिज अगदी तुमच्यासारखा बोलतो. हं... हं... मग गप्प.

हे पत्र ताईबद्दल नाही, आधीच सांगतो. ती मजेत आहे. छान खाते, छान झोपते, तुमचं नावसुद्धा घेत नाही. माझं वेगळं काम आहे. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला फोन केला तर तुम्ही म्हणालात ‘हं’, मग परत ‘हं’, मग ‘ठेवू?’. एवढ्यात माझं काय भागणार? म्हणून लिहितोय. आमच्या दुकानात टायर बदलायला येणारा टेंपोवाला तुमच्या वर्कशॉपवरूनच जातो. त्याच्या हाती हे देतोय. उत्तरही त्याच्याच हाती द्या.

तर काम असं. मी गळ टाकून मासे पकडायचं ठरवलंय. हसू नका. दहावीच्या गणितात दोनदा आपटलेल्या माणसाला मासा मिळत नाही असं कुठं लिहिलंय? माशाला तरी कुठं गणित येतं?

रॉड घ्यायला दुकानात गेलो, तर भिंतभर रॉड लटकवलेले. दुकानदाराला म्हटलं, “यातला चांगला कुठला?”

“सगळेच चांगले.”

“मग वाईट कुठला ते सांगा. तो सोडून बघतो.”

त्यानं मला बाहेरचा रस्ता दाखवला. आता तुम्हीच सांगा, रॉड कुठला घेऊ? दोरी गुंडाळायचं रीळ माझ्याकडे आहे. कुठून आलं ते विचारू नका, एका ओळखीच्यांचं आहे. छोटंसं, मुठीत मावेल एवढं. काळं, सोनेरी कड असलेलं. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेलं. बनियनला काखेत भोक आहे. असलं बनियन तुम्ही कुठं बघितलंय का? आपलं सहज विचारलं.

तुमचा मेव्हणा


तारीख ९, शनिवार

दाजी,

उत्तर मिळालं. विजेच्या मोटारीच्या वायंडिंगमध्ये घालता त्या पिवळ्या कागदावर, पाठपोट! लग्नापासून आजपर्यंत माझ्याशी जेवढं बोलला असाल त्याच्या दुप्पट या एका कागदावर आहे. आणि आहे काय? ‘रॉड सहा फुटी घ्यावा. वजनाला हलका, टोकाला लवचिक. पहिली कडी मोठी बघावी, म्हणजे तंगूस, गळाची दोरी, अडकत नाही. छोटं रीळ जाड रॉडला लावू नये, तोल जातो. मनगट दुखतं. पाणी कसं आहे?’

पाणी कसं आहे! माणसं कशी आहेत ते नाही, पाणी कसं आहे!

जाऊ दे. गळाला काही लागेना, तर आता सरळच सांगतो. ते रीळ तुमचं आहे. ताईनं आणलंय. त्या दिवशी रागानं बॅग भरताना तिला ते कपाटात सापडलं, तुमच्या शर्टांच्या मागं. तिला वाटलं, ज्या अर्थी बनियनमध्ये गुंडाळून एवढं आत दडवलंय, त्या अर्थी ह्याचा जीव यातच असणार. म्हणून उचललं. इथं आल्या आल्या ते आईला दाखवून म्हणाली, “आता बघू रविवारी कशानं मासे पकडतो.”

तेव्हापासून आम्ही सगळे वाट बघतोय. तुम्ही रिळासाठी तरी याल, म्हणजे निदान भांडायला तरी याल. दार वाजलं की आई केसांवरून हात फिरवून उठते, आणि दारात असतो पाण्याचा जार टाकणारा. आणि तुम्ही? मी रिळाचं एवढं वर्णन केलं, बनियनच्या भोकासकट, आणि तुम्ही मला त्याला शोभेलसा रॉड कुठला ते सांगता! चोराला कुलूप उघडायला शिकवणारा मालक मी पहिल्यांदा बघितला.

ताई मजेत आहे असं लिहिलं होतं ना, ते खोटं होतं. ती सकाळपासून आईचे जुने पडदे, चादरी काढून कापत बसते. कटिंगमास्तरीण ती, हात रिकामे राहत नाहीत. काल माझ्या पांघरुणाच्या दोन उशा झाल्या. आणि आता खरी बातमी. लांबच्या शहरातल्या एका कपड्यांच्या कारखान्यानं तिला बोलावलंय. कटिंगचं अख्खं खातं तिच्या हाताखाली. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तुम्ही तिला ओळखता. एकदा कात्री लावली की मग ती परत शिवत बसत नाही.

मी आईला म्हटलं, “दाजी वाईट नाहीत गं.” तर ताई आतून ओरडली, “वाईट कुठं म्हणतेय मी? वाईट असता तर भांडता तरी आलं असतं! रविवारी सकाळी जातो, संध्याकाळी येतो. काय मिळालं विचारलं तर म्हणतो, ‘पाणी छान होतं.’ माणसानं पाण्याशी लग्न करावं मग.”

घ्या. आता कळलं ना? लिहा काहीतरी. रॉडबद्दल नको.

तुमचा मेव्हणा


तारीख १४, गुरुवार

दाजी,

‘तिला जे योग्य वाटेल ते करू दे. रॉड घेतला का?’

हे उत्तर आहे? दीड ओळ? टेंपोवाला सुद्धा माझ्याकडे बघून हसला. म्हणजे त्यानं पण वाचलं.

हो, घेतला रॉड. तुमच्यावर चिडून तुम्ही सांगितलेला मुद्दाम घेतला नाही. जाड घेतला, लांब, लालभडक, खाली बोट अडकवायला बंदुकीसारखा घोडा असलेला. दुकानदार म्हणाला, “हा वेगळ्या रिळाचा आहे, हे रीळ ह्याच्यावर बसायचं नाही.” म्हटलं, “काका, मी ट्रकच्या टायरवर सायकलची ट्यूब बसवून दाखवलीय.” त्यावर त्यानं काही न बोलता गुंडाळून दिला. तुमच्याच जातीतला असावा.

ताई बाजारात गेली तेव्हा बॅगेतून रीळ काढलं आणि गच्चीवर गेलो. रॉडला खालून लावलं. बसेना. मग आमच्या दुकानातून ट्यूबच्या पट्ट्या आणल्या आणि करकचून बांधलं. आता उजव्या हातात रॉड धरतो, तर हँडलसुद्धा उजव्याच बाजूला! म्हणजे फेकायचं उजव्यानं, मग रॉड डाव्या हातात घ्यायचा, मग उजव्यानं फिरवायचं. तेवढ्यात मासा लग्न करून पोराबाळांसकट परत येईल. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. सोडलं, आणि रीळ उलटं करून रॉडच्या वर बांधलं. हँडल आलं डावीकडे. वा! मीच माझी पाठ थोपटली.

मग फेकलं.

समोरच्या गच्चीवर रिटायर हेडक्लार्क पेपर वाचत बसलेले. माझा गळ गेला तो थेट त्यांच्या पेपरात. मी घाबरून गरागरा फिरवायला लागलो, तर ते उलटं फिरायला लागलं आणि तंगूस शेवयांसारखा भसाभसा बाहेर. शेवटी रॉडच खेचला. दाजी, तो माणूस वाचत होता आणि वाचता वाचता त्याच्या हातातून पेपर उडून गल्ली ओलांडून आमच्याकडे आला. ते बघतच राहिले. मी खाली वाकून लपलो. नंतर गल्लीत भेटले तर बायकोला सांगत होते, “वारं काय सुटलंय आज!” आणि तुम्हाला सांगतो, ते पान लपवून ठेवायला गेलो तेव्हा बातम्या जुन्याच निघाल्या. कालचाच पेपर वाचत होते.

एरवी या गोष्टीवर मी महिनाभर हसलो असतो. ताईला सांगायला धावलो असतो आणि ती पोट धरून हसली असती. पण रीळ चोरून काढलेलं, सांगणार कसं? एवढी मोठी गंमत आणि ऐकायला घरात माणूस नाही. तुमच्या भांडणात माझं असं नुकसान होतंय.

आता सांगा, तुमच्या रिळाचं हँडल असं उलट्या बाजूला कसं?

तुमचा मेव्हणा


तारीख २१, गुरुवार

दाजी,

तुमची चिठ्ठी मिळाली. ‘रीळ रॉडच्या खालीच लावायचं. खाली लावल्यावर हँडल खरंच उजवीकडे येतं का? नीट बघून सांगावे.’ आणि दोन शब्द लिहून खोडलेले. उजेडात धरून बघितलं, वाचता आले नाहीत.

सोमवारी टेंपोवाल्याच्या हाती मी परत कळवलं, की हो, उजवीकडे, आणि त्यानंतर तुमच्याकडून चकार शब्द नाही. टेंपोवाला म्हणतो, “तुमचे दाजी चिठ्ठी वाचून तसेच बसले. हातातली मोटार अर्धी गुंडाळलेली, ती तशीच. मी हॉर्न दिला तर दचकले.”

“काही म्हणाले?”

“हं म्हणाले.”

दाजी, मी पंक्चर काढणारा माणूस आहे. पंक्चर कसं शोधतात सांगू? ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा येतो तिथं भोक. तुम्हाला मी गेले कितीतरी दिवस बुडवून बघतोय, बुडबुडाच येत नाही! भोक आहे हे नक्की, कारण हवा तर गेलीच आहे दोघांची.

आज मी परत रीळ काढून नीट बघितलं. हँडलच्या विरुद्ध बाजूला एक टोपणवाला स्क्रू आहे. त्याच्या खाचेवर ओरखडा आहे. म्हणजे हँडल आधी त्या बाजूला, डावीकडेच होतं. कुणीतरी काढून इकडे बसवलंय. आणि हळू हातानं बसवलंय, कारण ओरखडा एकच आहे. मी बसवलं असतं तर दहा असते. हे तुम्ही केलंत? आणि का? मला काही समजत नाही, आणि तुम्ही सांगत नाही.

ताई काल कारखान्याच्या माणसाशी फोनवर बोलली. राहायची सोय काय, विचारत होती. आई भाजी चिरत होती, ती चिरलेली भाजीच परत चिरायला लागली.

महिना संपत आलाय. मला ‘हं’ नको.

तुमचा मेव्हणा


तारीख २५, सोमवार

दाजी,

भांडं फुटलं. नीट बसून वाचा, आणि मोटार खाली ठेवा.

काल दुपारी गच्चीवर मी रीळ परत खालून बांधत होतो, तर मागून आवाज. “चोरा!”

ताई. कमरेवर हात.

मी म्हटलं, “मी चोर? तू मूळ चोर. मी फक्त चोरीच्या मालाची देखभाल करतोय.”

“आण इकडे. रॉड असा धरतात का? झाडू धरलाय का झाडू?” असं म्हणून तिनं रॉड हिसकावला. तुम्हाला माहीतच आहे, ती सगळं डाव्या हातानं करते. कात्री सुद्धा. डाव्या हातानं रॉड धरला, मनगटाला जरा झटका दिला, आणि तंगूस सुरेख गच्चीच्या त्या टोकाला जाऊन पडला. मग उजव्या हातानं हँडल फिरवलं. सर्रर्र. कुठं अडकणं नाही, हात बदलणं नाही. त्या बंदुकीच्या घोड्याच्या लाल सोट्यावर, ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेलं ते रीळ, तिच्या हातात असं चाललं की जणू माप घेऊन शिवलंय.

तिनं परत फेकलं. परत फिरवलं, पण हळू. मग थांबली.

“हे तो कसं वापरायचा?” तिनं विचारलं.

“कसं म्हणजे?”

“तो उजव्या हातानं टाकतो. डाव्यानं गुंडाळतो. हॉलमध्ये सराव करायचा ना, दोरीला शिशाची गोळी बांधून कपबशीत टाकायचा. मी बघितलंय.”

मी तिला तो स्क्रू दाखवला. ओरखडा दाखवला. म्हटलं, “मुद्दाम बदललंय. ताई, तुमच्या घरात डावखुरं कोण आहे?”

ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. मला वाटलं आता रडणार. मी शर्टाची बाही पुढं करून तयार होतो. रडली नाही. उठली आणि मला एक धपाटा घातला. मला! मी काय केलं होतं?

“सांगायला काय झालं होतं त्याला? तोंड शिवलंय का? माझ्यासाठी आणतो, माझ्या हाताप्रमाणे फिरवून घेतो, आणि शर्टांच्या मागं ठेवतो! आणि रविवारी एकटाच जातो! मी काय वास घेऊन ओळखायचं?”

खालून आई, “काय झालं गं?”

“काही नाही! तुझ्या जावयानं मला भेट दिलीय!”

“अगं, मग ओरडतेस काय एवढी?”

ताईनं रीळ सोडवलं, पट्ट्या माझ्या अंगावर फेकल्या, आणि खाली गेली. मग संध्याकाळी बघतो तर त्याच भोकाच्या बनियननं रीळ पुसत बसलेली. मी म्हटलं, “मग कारखान्याला ‘नाही’ म्हणून कळवतेस?” तर म्हणाली, “का? रिळाशी संसार करू? उद्या परत काहीतरी मनात ठेवेल आणि मी परत कपाटं धुंडाळू? रीळ आणून देतो, पण ‘चल’ एवढं म्हणत नाही. माझं भांडण त्या एका शब्दाशीच होतं.”

दाजी, मला आता कळलं की तुम्ही रीळ परत का मागितलं नाहीत. ते तुमचं नव्हतंच. ज्याचं होतं त्याच्याकडे गेलं. तुम्ही बसलात मनातल्या मनात ‘पोचलं’ म्हणून. पण तिच्या हातात ते पडलं चोरीचा माल म्हणून! ही काय द्यायची रीत झाली? आणि मला आणखी एक कळलंय. सहा फुटी, हलका, टोकाला लवचिक, मनगट दुखू नये असा. हे माझ्यासाठी नव्हतं. माझं मनगट टायर उचलतं. तो रॉड सुद्धा तुम्ही कधीच घेतलाय. असेल कपाटाच्या वर, चादरीत गुंडाळून.

येत्या रविवारी ३१ तारीख आहे. कारखान्याला सुट्टी, म्हणून सोमवारी ती फोन करणार. रविवारी सकाळी या. रॉड आणा आणि तोंड पण आणा. रॉड विसरलात तरी चालेल.

तुमचा मेव्हणा


तारीख ३१, रविवार

दाजी,

तुम्ही आत्ताच गेलात आणि मी लगेच लिहायला बसलोय. समोरासमोर बोललो असतो तर आईनं मला फटकावलं असतं.

सकाळी दार वाजलं. आईनं केसांवरून हात फिरवला, मी म्हटलं जारवाला असेल, आणि ताईनं दार उघडलं. तुम्ही. हातात चादरीत गुंडाळलेला रॉड. इस्त्रीचा शर्ट. एवढ्या लांबून आलात, वाटेत विचार करायला एवढा वेळ होता. ती म्हणाली, “काय?”

आणि तुम्ही काय म्हणालात? “सहा फुटी आहे.”

दाजी! मी स्वयंपाकघराच्या दाराआड डोकं आपटलं. खरंच आपटलं, टेंगूळ आलंय. आई माझा दंड धरून उभी होती, तिची नखं अजून उमटलेली आहेत.

ताई दार लावून घेते की काय असं वाटलं. तुम्ही चादर सोडायला लागलात, तर गाठ सुटेना. तीही दिवसभर केसासारखी तार गुंडाळणाऱ्या माणसाला! आणि त्या गाठीकडेच बघत तुम्ही म्हणालात, “चल... येतेस?”

एवढंच. इतक्या हळू, की आईनं मला विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “श्श.”

ताईनं पायात चपला घातल्या. एक उजवी एक डावी नीट घातली का तेही बघितलं नाही. रीळ घेतलं आणि गेली.

मी मागोमाग आलो होतो, आता सांगायला हरकत नाही. इथल्या तलावाच्या भिंतीआड बसलो होतो. ऐकू काही आलं नाही, वारं उलट होतं. पण दिसत होतं. पहिला तासभर तुम्ही तिला रीळ बसवून दिलंत, कडीतून तंगूस ओवून दिलात, आणि बोललात शून्य. मी भिंतीवर मुठी आपटत होतो. मग तिनं गळ टाकला आणि काहीतरी विचारलं. मग तुमचे ओठ हलायला लागले. आणि थांबेनात! दाजी, तुम्ही बोलत होता. मोठमोठी वाक्यं! एकदा तर हातवारे केलेत! मला मुंग्या डसल्या पण मी हललो नाही. एकदा ती तुमच्यावर खेकसली, तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत, पण मान खाली घालून सुद्धा बोलत राहिलात. हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर टेंपोवाल्यानं शपथेवर सांगितलं तरी मानलं नसतं.

संध्याकाळी तुम्ही तिला दारापर्यंत सोडलंत आणि गेलात. ताई आत आली. रॉड आणि रीळ एकमेकांना लावलेलं, तसंच माझ्या खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं. मी, आई, दोघंही समोर. मी म्हटलं, “काय मिळालं?”

ती पाय धुवायला निघाली. जाता जाता म्हणाली, “पाणी छान होतं.”

झालं! आता तुम्ही दोघंही!

मी बाथरूमच्या दारावर थापा मारल्या. “अगं, कारखान्याचं काय?” आतून पाण्याचा आवाज. मग म्हणाली, “नको म्हणून कळवते उद्या. लांब पडतं.”

“कुठून लांब पडतं? इथून की तिथून?”

नळ मोठा केला तिनं.

आई मात्र हसत आत गेली. तिला उत्तर मिळालं म्हणे. मला नाही मिळालं. मला या घरात कुणी काही नीट सांगत नाही, आणि तुमच्या घरात तर बोलायलाच नको. एक तेवढं बघा, की येत्या रविवारी येताना मोठी बॅग आणा. तिची एक भरली तर चादरी-पडद्यांच्या उशा उरतात, त्या पण घेऊन जा. मला माझी खोली पाहिजे.

आणि दाजी, आता माझ्याकडे तो लाल रॉड नुसता पडून आहे. जाड, लांब, बंदुकीच्या घोड्याचा. रीळ नाही. काल समोरचे हेडक्लार्क गच्चीवरून बघत होते, म्हणाले, “मला पण शिकव की.” त्यांचा पेपर कुणी नेला ते त्यांना अजून माहीत नाही. पुढच्या रविवारी तुम्हा दोघांपासून लांब, त्या टोकाला बसू आम्ही.

तर त्या रॉडला कुठलं रीळ लागतं ते कळवा. मागच्या वेळी विचारलं ते खोटं होतं. या वेळी खरंच विचारतोय.

आणि ‘हं’ लिहून पाठवू नका.

तुमचा मेव्हणा